लहान लेथचा बॅकलॅश : पाना लावण्याआधी लूज कुठे आहे ते मोजा

लेथच्या क्रॉस स्लाइडचं, म्हणजे टूल जॉबकडे (फिरणाऱ्या धातूच्या तुकड्याकडे) आडवं नेणाऱ्या भागाचं हँडल उलटं फिरवावं, डायलवरच्या वीस-एकवीस रेघा डोळ्यांसमोरून निघून जाव्यात आणि टूल मात्र जागचं हलू नये, हा लूजचा (सगळे त्यालाच बॅकलॅश म्हणतात) अनुभव छोटा किंवा जुना लेथ वापरणाऱ्या प्रत्येकाला येतो. मग पहिला हात जातो नटाच्या स्क्रूवर. मीही तेच केलं होतं. मुंबईत भांडुपच्या घरी गॅलरी बंद करून तिथे सेकंडहँड लेथ बसवला, पहिल्याच आठवड्यात नट आवळला आणि स्लाइड मधल्या भागात छान चालायला लागली. पुढच्या रविवारी मोठ्या व्यासाचं फेसिंग करताना (जॉबचं तोंड सपाट कापताना) तीच स्लाइड टोकाजवळ अशी अडकली की हँडल दोन हातांनी मागे घ्यावं लागलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात. त्यांचं उभं आयुष्य एलबीएस मार्गावरच्या कारखान्यात टर्नर म्हणून गेलं. त्यांनी येऊन हँडल दोनदा पुढे-मागे केलं आणि म्हणाले, "अरे, लूज एका ठिकाणी नसतो. तीन-चार ठिकाणचा मिळून तुला एक दिसतो. आधी वेगळा कर, मग पाना लाव." खाली जे लिहिलंय ते सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

लूज कुठे कुठे असतो

हँडल स्क्रू फिरवतं आणि स्क्रूवरचा नट स्लाइड सरकवतो. असे हँडल आणि टूल यांच्यामध्ये पाच जोड येतात. हँडल शाफ्टवर चावीने किंवा ग्रब स्क्रूने (डोकं नसलेल्या स्क्रूने) बसतं, तिथे ते डुलू शकतं. स्क्रूची कॉलर (त्यावरचं जाड कडं) त्याला धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये पुढे-मागे सरकते, त्याला एंड प्ले म्हणतात. स्क्रूचे आटे आणि नटाचे आटे यांच्यात फट असते. खरा बॅकलॅश म्हणजे हीच. नट स्लाइडला ज्या बोल्टने धरलेला असतो तो ढिला होतो. आणि स्लाइड डोवटेलमध्ये (तिरप्या कडांच्या खाचेत) आडवी हलते, ती गिब पट्टी, म्हणजे त्या खाचेतली फट भरणारी पट्टी, सैल असल्यामुळे. हा पाचवा जोड बॅकलॅशमध्ये मोडत नाही. पण जॉबवर उमटणाऱ्या लाटांचा आणि थरथरीचा दोष पुष्कळदा याचाच असतो आणि शिव्या मात्र स्क्रूला पडतात.

आणखी एक गोष्ट आधीच कळलेली बरी. बॅकलॅश शून्य करायचा नसतो. आट्यांमध्ये तेलापुरती जागा हवीच. नेहमीच्या टर्निंगमध्ये (जॉबचा व्यास कापताना) कापण्याचा जोर टूलला आपल्याकडे मागे ढकलतो, त्यामुळे स्क्रू आणि नट आपोआप एकाच बाजूला टेकलेले राहतात आणि थोडा लूज असला तरी माप बिघडत नाही. बिघडतं ते जोराची दिशा पलटते तिथे. पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारं) जॉबमध्ये ओढलं जातं, पितळेवर जास्त रेकचं (वरच्या तोंडाला जास्त उतार असलेलं) टूल चावा घेतं, बोअरिंगमध्ये (भोक आतून मोठं करताना) क्रॉस स्लाइडवरचा जोर नेमका उलटा येतो, आणि लेथवर मिलिंगचा अ‍ॅटॅचमेंट लावला तर कटर स्लाइडच खेचून नेतो. तुमचं काम बाहेरचं टर्निंग आणि फेसिंग एवढंच असेल, तर ०.१ ते ०.१५ मिलिमीटर बॅकलॅशवर मी एक पैसाही खर्च करणार नाही.

मोजणी

लागतं ते इतकंच: ०.०१ मिमीचा डायल गेज, मॅग्नेटिक स्टँड, सायकलच्या बेअरिंगमधली एक गोळी, थोडं ग्रीस आणि कागद-पेन्सिल. मोजण्याआधी स्लाइड आणि स्क्रू स्वच्छ करा. आट्यांत बसलेला कीस डिझेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने सैल करा. मग सुतळीचा एक वेढा स्क्रूला द्या, दोन्ही टोकं ताणून धरा आणि हँडल फिरवा. सुतळी आट्यातून सरकत जाते आणि काळा चिखल बाहेर काढते. हवेचा फवारा मारू नका, बारीक कीस नटाच्या आणखी आत जातो.

पहिली मोजणी एकूण लूजची. डायल गेजचा पॉइंट टूलपोस्टवर टेकवा, हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवत गेजचा काटा हलेपर्यंत आणा, स्लाइडचा डायल शून्यावर लावा. आता हँडल हळूहळू उलटं फिरवा. गेजचा काटा हलला की थांबा. डायलवर जितक्या रेघा गेल्या तो एकूण लूज. माझ्या लेथवर स्क्रूचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) २ मिमी आणि डायलवर १०० रेघा आहेत, म्हणजे एक रेघ ०.०२ मिमी. रेघा गेल्या २१, म्हणून लूज ०.४२ मिमी.

दुसरी मोजणी एंड प्लेची. स्क्रूच्या टोकाला सेंटरचं भोक असतं, त्यात गोळी ग्रीसने चिकटवा आणि गेजचा पॉइंट त्या गोळीवर टेकवा. गोळी स्क्रूच्या अक्षावर असल्यामुळे हँडल फिरलं तरी काटा उगीच नाचत नाही. पुन्हा हँडल उलटसुलट फिरवा. दिशा बदलली की स्लाइड हलण्याआधी स्क्रू स्वतःच ब्रॅकेटमध्ये पुढे किंवा मागे सरकतो. काटा जितका सरकला तितका एंड प्ले. इथे हँडल ओढून आणि ढकलून मोजण्याचा मोह टाळा. स्लाइड घट्ट असेल तर नट स्क्रूला अडवतो आणि आकडा कमी येतो. माझा एंड प्ले आला ०.२३. आवळलेला नट मी तोवर पहिल्यासारखा सैल करून ठेवला होता, तरीही निम्म्याहून जास्त लूज कॉलरमध्ये निघाला.

उरले ०.१९, ते नट आणि स्क्रूमधले. (हँडलची चावी आणि नटाचा बोल्ट मोजणीआधीच तपासून आवळून घ्या, म्हणजे ही वजाबाकी खरी ठरते.)

तिसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि खरं उत्तर तिच्यातच असतं. एकूण लूज स्लाइडच्या वेगवेगळ्या जागी मोजा: ब्रॅकेटजवळ, मधे, पार टोकाला. माझ्याकडे मधे ०.४२ आणि टोकाला ०.३१ आला. एंड प्ले दोन्हीकडे तोच, म्हणून नटाचा लूज मधे ०.१९ आणि टोकाला ०.०८. नट एकच आहे. मग हा ०.११ चा फरक कुठून आला? स्क्रूच्या मधल्या आट्यांची झीज, दुसरं काही नाही. लहान जॉब रोज स्लाइडच्या त्याच दीड-दोन इंचांत होतात, तेवढेच आटे घासले जातात. नट मऊ म्हणून तोच झिजतो असं आपण धरून चालतो, पण बारीक कीस आणि एमरीचे कण मऊ गनमेटलमध्ये रुतून बसतात आणि नट कानशीसारखा पोलादी स्क्रू खात राहतो.

माझी स्लाइड टोकाला का अडकली ते आता उघड आहे. मधला लूज मारायला नट आवळला, टोकाच्या न झिजलेल्या आट्यांना जागाच उरली नाही.

आधी गिब

दुरुस्तीची सुरुवात गिबपासून करा, कारण स्लाइड डुलत असेल तर पुढचा कुठलाच आकडा भरवशाचा नाही. नटाचा बोल्ट काढून स्लाइड स्क्रूपासून मोकळी करा आणि हाताने सरकवून बघा. गिब पट्टी बाहेर काढा, काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून तेलाबरोबर तिचं तोंड घासा. चमक फक्त दोन टोकांवर किंवा फक्त मधे दिसली तर पट्टी वाकलेली आहे. हलक्या हाताने सरळ करा आणि परत घासा. ग्रब स्क्रूची टोकं पट्टीवर जिथे बसतात तिथे लहान खळगे नसतील तर ड्रिलच्या टोकाने करून घ्या, नाहीतर पट्टी स्लाइडबरोबर सरकते आणि तोच एक नवा लूज होतो.

बसवताना मधला ग्रब स्क्रू आधी, मग बाहेरचे, प्रत्येक जरासा. चेकनट आवळताना ग्रब स्क्रू ॲलन कीने धरून ठेवा. नट त्याला आपल्याबरोबर फिरवतो आणि सेटिंग जातं. स्लाइड हाताने सरकावी, पण एकसारखा जडपणा जाणवावा. जुन्या लेथचं डोवटेलही मधेच झिजलेलं असतं, म्हणून स्लाइड टोकाला घट्ट लागेल. तिथे जेमतेम चालेल इतकंच आवळा.

मग कॉलर

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फायदा इथे होतो. ब्रॅकेटच्या बाहेर हँडलमागे दोन चेकनट असतील तर ते जुळवले की काम झालं. नसतील तर शिम वॉशर (पातळ चकत्या) घाला. ०.०५ आणि ०.१ मिमीचे पितळी शिम नागदेवी स्ट्रीटला मिळतात. कॉलरची तोंडं खडबडीत असतील तर आधी ती लेथवरच साफ करा. खडबडीत तोंडावर शिम टाकला तर पंधरा दिवसांत लूज परत येतो.

मी एक पायरी पुढे गेलो आणि कॉलरच्या दोन्ही बाजूंना नीडल थ्रस्ट बेअरिंग बसवले. शाफ्ट १० मिमीचा असेल तर एएक्सके १०२४ मागा: आतून १०, बाहेरून २४ आणि जाडी २ मिमी. त्याच्या दोन्ही बाजूंना एएस १०२४ हे एकेक मिलिमीटरचे वॉशर लागतात, म्हणजे एका बाजूला एकूण ४ मिमी. गोळ्यांचं ५११०० याच व्यासाचं आहे, पण त्याची उंची ९ मिमी. लहान ब्रॅकेटमध्ये तेवढी जागा निघत नाही. बेअरिंगचा खरा उपयोग असा की कॉलर अगदी घट्ट लावली तरी हँडल जड होत नाही. माझा एंड प्ले ०.२३ वरून ०.०२ वर आला आणि नटाला अजून हातही लागला नव्हता.

नट

काही चिनी मिनी लेथवर नट वरून एका बोल्टने धरलेला असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक ग्रब स्क्रू असतो. ते आवळले की नट तिरपा होतो आणि लूज गेल्यासारखा वाटतो. हा तात्पुरता उपाय आहे, कायमचा समजू नका. तिरपा नट सगळ्या आट्यांवर न टेकता दोन कोपऱ्यांवर टेकतो आणि फार लवकर झिजतो.

नट कुठल्याही प्रकारचा असो, तो आवळण्याची एक रीत आहे. बोल्ट सैल ठेवा, स्लाइड पूर्ण मागे, ब्रॅकेटच्या अगदी जवळ आणा आणि मग आवळा. तिथे स्क्रू ब्रॅकेटने सरळ धरलेला असतो, त्यामुळे नट त्याच्या रेषेत बसतो. मधे आवळलात तर स्क्रू थोडा वाकून नटाशी जुळवून घेतो आणि मागे आणताना हँडल जड होतं.

जुळवता येणारा नट करायचा असेल तर सगळ्यात सोपी युक्ती फटीची. नट बाहेर काढा आणि अक्षाला आडवा हॅक्सॉ लावून निम्म्याहून थोडा जास्त चिरा, पूर्ण तोडू नका. फटीच्या एका बाजूच्या भागात आटे पाडून ग्रब स्क्रू असा बसवा, की तो समोरच्या भागाला ढकलून फट रुंदावेल. पुढचा अर्धा भाग आट्याच्या पुढच्या बाजूवर आणि मागचा अर्धा मागच्या बाजूवर टेकतो. इथे टोकाचा लूज ०.०८ वरून ०.०२ वर आणून थांबा. मधे मग ०.१३ उरेल. उरू द्या. आणखी आवळाल तर मी अडकलो तिथेच अडकाल.

नवा नट हवा असेल तर गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझ घ्या. गुलालवाडी-कीका स्ट्रीटच्या धातूबाजारात लहान तुकडा वजनावर मिळतो. मात्र आधी आटे नीट ओळखा. व्हर्नियरने दहा आट्यांचं अंतर मोजून दहाने भागलं की पिच मिळतो. मेट्रिक ट्रॅपेझॉइडल आट्याचा कोन ३० अंश, ॲक्मेचा २९. काही लेथवर साधे ६० अंशांचे मेट्रिक आटेही असतात. १९४६ पासून इंग्लंडमध्ये बनलेल्या मायफर्ड एमएल ७ सारख्या जुन्या इंची लेथवर क्रॉस स्लाइडला इंचाला १० आटे, म्हणजे पिच २.५४ मिमी. तिथे अडीच मिमीच्या टॅपने (आतले आटे पाडणाऱ्या हत्याराने) केलेला नट स्क्रूवर दोन-तीन आट्यांपर्यंत चालल्यासारखा वाटेल आणि पुढे अडकेल.

आटे डावे की उजवे हेही बघा. क्रॉस स्लाइडमध्ये स्क्रू जागच्या जागी फिरतो आणि नट स्लाइडबरोबर सरकतो. हँडल घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर टूल जॉबकडे जायला हवं असेल तर अशा रचनेत आटे डावेच लागतात. वरच्या कंपाउंडमध्ये (क्रॉस स्लाइडवर बसलेल्या छोट्या स्लाइडमध्ये) नट खाली पक्का असतो आणि स्क्रू स्लाइडबरोबर पुढे जातो, म्हणून तिथे उजवे. दुकानात टॅप मागताना "डावा" हा शब्द विसरलात तर फेरी फुकट. १० बाय २ ट्रॅपेझॉइडलसाठी ८.२ मिमीचं भोक करतात. टॅप एका दमात घालू नका, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि तेल सढळ.

टॅप मिळाला नाही तर ॲसिटल प्लास्टिकचा, म्हणजे डेलरिनचा नट स्क्रूवरच वितळवून घडवता येतो. ठोकळा मधोमध चिरून दोन भाग करा आणि स्क्रूच्या न झिजलेल्या टोकावर व्हाइसमध्ये हलके पकडा. स्क्रूला तेलाचा पातळ हात द्या, हीट गनने स्क्रू तापवा आणि व्हाइस थोडी थोडी आवळत जा. ॲसिटल साधारण १७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होऊन आट्यात भरतं. पूर्ण थंड झालं की बाहेरून घासून जुन्या नटाच्या जागी बसवा. हा नट घट्ट बसूनही हलका फिरतो आणि हौशी कामाला छान टिकतो. मात्र ॲसिटल जास्त तापलं तर फॉर्मल्डिहाइडचा विषारी वायू सुटतो, आणि त्याची ज्योत इतकी फिकी असते की दिसतही नाही. गॅसचा टॉर्च वापरू नका. बंद खोलीत हे काम करूच नका; आमच्याकडे ते गच्चीवर होतं, वाऱ्याकडे पाठ करून.

स्क्रू बदलायचा का?

माझ्या आकड्यांवरून बघा. नट कितीही नवा घातला तरी मध आणि टोक यांच्यातला ०.११ चा फरक तसाच राहतो, कारण तो स्क्रूमध्ये आहे. इतकंच नाही, झिजलेल्या भागातून चांगल्या भागात जाताना डायलही खोटं बोलतो. दहा मिलिमीटर आत गेलो असं डायल सांगतो आणि प्रत्यक्षात दहा मिलिमीटरला दहा शतांशांइतका फरक पडलेला असू शकतो. व्यासावर तो दुप्पट होतो. हा फरक तुमच्या कामाला चालत नसेल तर स्क्रू आणि नट दोन्ही एकदम बदला. नव्या नटावर जुना स्क्रू फिरवला तर खरखरीत आटे त्या नटाची पहिल्या वर्षातच वाट लावतात.

तयार ट्रॅपेझॉइडल रॉड विकत घेऊन जुन्या स्क्रूची हँडलकडची दांडी तशीच वापरता येते. झिजलेले आटे कापून टाका, दांडीत सरळ भोक बोअर करा, नव्या रॉडचं टोक टर्न करून त्या भोकात हलक्या हाताने सरकेल असं बसवा, लॉकटाइट ६३८ लावा आणि आडवी पिन ठोका. हे काम स्वतःच्या लेथचा स्क्रू काढण्याआधी करायचं असतं, नाहीतर बोअर कशावर करणार! नवा रॉड येईपर्यंत जुना स्क्रू जागेवर असू द्या आणि दांडी नव्याने बनवा, किंवा ओळखीच्या टर्नरकडे एक तास मागा.

लॅमिंग्टन रोडला थ्री-डी प्रिंटरचे स्क्रू रॉड स्वस्तात दिसतात. ते बहुतेक ८ मिमी व्यासाचे, चार सुरुवातींचे (शेजारीशेजारी चार आटे असलेले) असतात. एका फेऱ्यात ८ मिमी सरकतात आणि आटे उजवे. लेथच्या स्लाइडला त्यांचा उपयोग नाही.

लीडस्क्रूची, म्हणजे कॅरेज (स्लाइड वाहून नेणारा भाग) बेडवरून ओढणाऱ्या लांब स्क्रूची, चिंता त्या मानाने कमी करा. आटे पाडताना कॅरेज एकाच दिशेने ओढली जाते, त्यामुळे तिथला बॅकलॅश मापात येत नाही. हाफ नटची (लीडस्क्रूला पकडणाऱ्या दोन भागांच्या नटाची) गिब मात्र जुळवून घ्या.

उरलेल्या लूजबरोबर काम

मी स्क्रू बदलला नाही. एंड प्ले ०.०२ आणि नट ०.१३, मिळून मधे ०.१५ मिमी, म्हणजे सात-आठ रेघा. यावर माझं काम चालतं. सवयी मात्र बदलल्या. माप पुढे गेलं तर हँडल रेघेवर मागे आणून थांबत नाही. अर्धा फेरा मागे घेऊन परत पुढून त्या रेघेवर येतो. पार्टिंग करताना कॅरेज आणि कंपाउंड लॉक करतो, आणि क्रॉस स्लाइडच्या गिबचा मधला ग्रब स्क्रू किंचित जड करतो, म्हणजे टूल स्लाइडला ओढू शकत नाही. नेमकं माप हवं असेल तेव्हा डायल गेज थेट स्लाइडवर टेकवतो. डिजिटल स्केलही हेच करतो. तो स्लाइड मोजतो, स्क्रू नाही, म्हणून स्क्रूची झीज त्याला दिसतच नाही.

झीज थांबवायची तर एमरी आणि कानशीच्या कामाच्या वेळी बेडवर आणि स्लाइडवर जुनं वर्तमानपत्र अंथरा, काम झालं की धुळीसकट गुंडाळून फेका. शिलाई मशीनचं तेल फार पातळ, स्लाइडवर टिकत नाही. ६८ ग्रेडचं स्लाइडवे तेल घ्या. मुंबईत जूनपासून ओल आणि खारा वारा मिळून एका रात्रीत पोलादावर तांबूस थर आणतात, आणि तो गंज आट्यात गेला की एमरीसारखाच घासतो. म्हणून पावसाळ्यात काम नसलं तरी आठवड्यातून एकदा स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवून तेल पसरवतो. मे अखेरीस आणि दिवाळीनंतर तीच तीन मोजणी पुन्हा घेतो आणि आकडे हेडस्टॉकच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तारखेसह पेन्सिलीने लिहितो. गेल्या वेळचे आकडे: मधे ०.१६, टोकाला ०.०४, एंड प्ले ०.०२.